मणाला अडीच रुपये, शेराला एक आणा

जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव आंबा बागायतदारांच्या सभा भरतात. बाहेर पावसाची झोड, पत्र्याचा हॉल, समोर पन्नास-साठ माणसे, भिंतीशी निथळणाऱ्या छत्र्यांची रांग. विषय बहुधा कल्टारचा. हापूसचे कलम एक वर्ष भरभरून धरते आणि पुढच्या वर्षी रुसते. दरवर्षी मोहोर यावा म्हणून बुंध्याभोवतीच्या मातीत पॅक्लोब्युट्राझॉल नावाचे संजीवक घालतात. ते ज्या नावाने बाजारात आले त्याच नावाने बागायतदार त्याला ओळखतात, कल्टार. ते घालायचा काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. वक्ता पडद्यावर आकडा दाखवतो: झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक. आकडा बरोबर आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची तशी शिफारसच आहे. पण उद्या सकाळी बागेत जाऊन या आकड्याचे नेमके काय करायचे, हे हॉलमधल्या बहुतेकांना कळलेले नसते. क्रियाशील घटक ग्रॅमवर मोजायला त्यांच्याकडे काही नाही. हातात बाटली आहे आणि पुढ्यात कलम.

तीच गोष्ट दुसरा वक्ता अशी सांगतो. ‘टेप घ्या आणि कलमाखाली उभे राहा. पूर्व-पश्चिम पसारा मोजा, मग दक्षिण-उत्तर मोजा. दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. समजा आठ मीटर आले. मीटरला तीन मिली औषध. आठ त्रिक?’ हॉलमधून उत्तर येते, ‘चोवीस.’ तिसऱ्या रांगेतला एकजण खिशातून जुनी पावती काढून तिच्या पाठीवर आकडा लिहून घेतो.

माहिती दोघांकडे सारखीच होती. पहिल्याने ती स्वतःच्या मापात दिली, दुसऱ्याने ऐकणाऱ्याच्या. सादरीकरणावरच्या पुस्तकांत आवाज, हातवारे, पडद्यावरचे रंग, अक्षरांचा आकार यांवर पानेच्या पाने असतात. ते सगळे उपयोगाचे आहे, पण नंतर. आधी हे माप बदलायला शिकले पाहिजे. आणि ते शिकायचे तर याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाकडे जावे लागते.

गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. मराठी माणसाला ते नेमस्तांचे पुढारी म्हणून, गांधीजींनी ज्यांना राजकीय गुरू मानले ते म्हणून माहीत असतात. वक्त्यांची नावे घ्यायला सांगितली तर आपण टिळक, शिवरामपंत परांजपे, सावरकर, अत्रे अशी घेतो. गोखल्यांचे नाव त्या यादीत सहसा येत नाही. मला ही मोठी चूक वाटते. हजारोंची सभा पेटवणे हे एक काम, आणि मत आधीच बनवून बसलेल्या वीस-पंचवीस माणसांपुढे आकडेवारी घेऊन उभे राहणे हे दुसरे. आज कंपनीत, बँकेत, जिल्हा परिषदेत किंवा महाविद्यालयात ज्याला ‘प्रेझेंटेशन द्यायचे आहे’ त्याच्या वाट्याला बहुधा दुसरेच काम येते. त्या कामात गोखल्यांच्या तोडीचा माणूस आपल्याकडे क्वचितच झाला.

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाची बैठक, अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. गोखले पस्तीस वर्षांचे, मंडळात नवे. अंदाजपत्रकावर बोलायचे होते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना चर्चेचा हक्क दिला होता, मतदानाचा नव्हता. म्हणजे कितीही उत्तम बोलले तरी त्या दिवशी एक पैसादेखील इकडचा तिकडे होणार नव्हता. समोर बहुसंख्य सरकारी अधिकारी, आणि तेही खुशीत, कारण अंदाजपत्रक शिलकीचे होते. लागोपाठ काही वर्षे कोट्यवधी रुपये शिल्लक राहत होते. तिजोरी भरलेली आहे, मग देशाची भरभराट चालली आहे, असा सरकारी बाजूचा सूर होता.

गोखल्यांनी हा सूरच तपासायला घेतला. शिल्लक आली कुठून? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे: निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज, रेल्वेचा खर्च. रुपयाचा भाव घसरत घसरत १८९४-९५ च्या सुमारास तेरा पेन्सवर आला होता. एका पौंडाचे पेन्स २४०, तेव्हा एक पौंड भरायला जवळजवळ साडेअठरा रुपये लागत. हा खड्डा भरण्यासाठी सरकारने कर वाढवले. टांकसाळी चांदीला बंद करून, नाण्यांची टंचाई घडवून पुढे रुपया सोळा पेन्सवर चढवला गेला. आता त्याच पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचू लागले, पण वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक ती हीच. लोकांची कमाई वाढल्याचा तो पुरावा नव्हता. आणि त्याच सुमारास १८९६-९७ चा आणि त्यानंतर १८९९-१९०० चा, असे दोन भीषण दुष्काळ देशाने काढले होते.

युक्तिवादाची बांधणी पाहा. सरकारचा आकडा त्यांनी खोटा ठरवला नाही. तो जसाच्या तसा घेतला आणि त्याचा अर्थ बदलला. कर ज्या कारणासाठी वाढवला ते कारण संपले, मग कर का राहावा, या प्रश्नाला अधिकाऱ्यांकडे सरळ उत्तर नव्हते, कारण वाढीचे कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. गोखल्यांचा जवळजवळ प्रत्येक आकडा सरकारी अहवालांतला असे. विरोधी मताच्या श्रोत्यांपुढे जाताना ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे: पुरावा त्यांच्या दप्तरातला असावा. बागायतदारांना दराबद्दल काही पटवायचे असेल तर दिल्लीचा अहवाल बाजूला ठेवून वाशीच्या बाजारातल्या दलालाने त्यांना पाठवलेली गेल्या हंगामातली विक्रीची पट्टी हातात घ्यावी. त्या पट्टीवर त्यांचा विश्वास असो वा राग, ती खरी आहे हे त्यांना सांगावे लागत नाही.

वाढवलेल्या करांत सगळ्यात कडू कर मिठाचा होता. १८८८ साली तो मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. गोखल्यांनी हा विषय १८९० च्या कलकत्ता काँग्रेसपासून लावून धरला होता. ‘मणाला अडीच रुपये’ हा आकडा आज वाचताना आपल्यालाही काही वाटत नाही, आणि १९०२ साली कलकत्त्यात चांगल्या पगारावर बसलेल्या अधिकाऱ्यालाही फारसे वाटले नसेल. आता त्याचे माप बदलू. एका मणाचे शेर चाळीस. अडीच रुपयांचे आणे चाळीस. म्हणजे एका शेराला बरोबर एक आणा नुसता कर. दुकानातून मीठ मणाने कोण आणतो? गरिबाची बायको शेर-अर्धा शेर आणते, आणि दर शेरामागे एक आणा सरकारात जातो. हे गणित मी इथे केले आहे, ते गोखल्यांच्या तोंडी घालत नाही. पण आकडा कुठून कुठे न्यायचा असतो ते यात दिसते. मण हे खजिन्याचे माप, शेर हे चुलीचे.

१९०३ मध्ये मिठावरचा कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. १९०३ मध्येच प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा वर्षाला पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. हे एका भाषणाने झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे बरीच वर्षे, बरीच माणसे आणि सरकारची स्वतःची गणितेही होती. पण मिठाच्या आणि प्राप्तिकराच्या ज्या सवलती गोखले मागत होते त्याच पुढे मिळाल्या, एवढे कागदोपत्री आहे. मिठाचा विषय तिथे संपला नाही हेही खरे. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, आणि तेव्हा शिरोडे रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

गोखल्यांनी ही हातोटी मिळवली कशी, हे त्या भाषणाहून अधिक उपयोगाचे आहे. ते उपजत वक्ते नव्हते. तरुणपणी इंग्रजी वाक्यरचना अंगी मुरावी म्हणून त्यांनी इंग्रजी ग्रंथांतले लांबलांब उतारे मुखोद्गत केले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवताना त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले आणि ते शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. अंकगणित शिकवणाऱ्याला रोज चाळीस पोरांच्या चेहऱ्यांवर पाहावे लागते की पायरी कुठे निसटली. त्रैराशिक ज्याने पोरांना समजावले, त्याला हुंडणावळीचा दर अधिकाऱ्यांना समजावणे अवघड का वाटावे?

मग न्यायमूर्ती रानडे भेटले. १८८७ पासून पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे आले आणि रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेऊ लागले, अर्जांचे मसुदे लिहून घेऊ लागले, ते खोडून पुन्हा लिहायला लावू लागले. हे एक-दोन महिने चालले नाही. १९०१ च्या जानेवारीत रानडे वारले तोवर चालले. या अर्जांना सरकार दाद देत नाही, मग एवढी मेहनत कशाला, असे गोखल्यांना वाटे. रानड्यांचे म्हणणे असे की अर्ज नावापुरता सरकारला असतो, खरा तो लोकांना उद्देशून असतो, कारण या प्रश्नांवर विचार कसा करायचा हे त्यांना शिकायचे आहे. रानड्यांच्या मागे गोखल्यांना आधार राहिला तो रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचा. सार्वजनिक काका म्हणतात ते गणेश वासुदेव जोशी वेगळे. हे सोलापूरच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होते आणि हिंदी अर्थकारणाचे आकडे त्यांना पाठ होते. गोखले त्यांना पत्राने शंका विचारीत आणि जोशी टिपणे पाठवीत. कर्झनपुढच्या त्या भाषणामागे असा एक शाळामास्तर उभा होता, हे फार थोड्यांना माहीत असते. ज्याला बोलायचे आहे त्याने आपला एक जोशी आधी शोधावा: आदल्या आठवड्यात आपले टिपण वाचून ‘हा आकडा कुठून आणला?’ असे रोखठोक विचारणारा माणूस.

तो प्रश्न कुणी विचारला नाही तर काय होते, याचाही अनुभव गोखल्यांना आला होता. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला गेले. साक्ष उत्तम झाली. सरकारी खर्चाबद्दल उलटसुलट प्रश्नांना त्यांनी आकड्यांनिशी उत्तरे दिली. त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रे आली. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांत लिहिले होते. गोखल्यांनी ते तिथल्या वृत्तपत्राला सांगितले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत, आरोप सिद्ध करता आला नाही, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. सोल्जर निर्दोष होते असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की काही काळ आधी ज्या माणसाचा एकेक आकडा तपासून घेतलेला होता, त्याच माणसाने एक गोष्ट न तपासता सांगितली आणि त्यासाठी वर्षानुवर्षे बोलणी खाल्ली. पुढे १९१५ साली आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींना गोखल्यांनी सांगितले की वर्षभर देश पाहा, जाहीर प्रश्नांवर बोलू नका. त्या सल्ल्यात १८९७ ची आठवण असणारच, असे मला वाटते.

आता मांडणीच्या क्रमाबद्दल. इथे मला गोखल्यांपेक्षा कोकणातल्या देवळांच्या उत्सवांतले कीर्तन जवळचे वाटते. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एक अभंग किंवा एक पद घेतात आणि त्याचे निरूपण करतात. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लागतो. उत्तररंगात आख्यान लावतात, आणि ते पूर्वरंगातल्या त्याच मुद्द्याचे उदाहरण असते. विषय एकच, आधी विचाराने आणि मग गोष्टीने. रत्नागिरीत आजही चारुदत्त आफळे बुवांच्या कीर्तनाला जी गर्दी लोटते ती पाहिली की मोबाइलच्या काळात माणसे एका जागी दोन-तीन तास बसत नाहीत हे म्हणणे खोटे पडते. माणसे बसतात. त्यांना एका वेळी एकच अभंग लागतो.

आपल्या सादरीकरणात नेमके उलटे होते. कल्टारची सभा आहे म्हणून बोलावले, आणि पडद्यावर कल्टार, फुलकिडी, विमा, सेंद्रिय प्रमाणपत्र, भौगोलिक मानांकन आणि दोन सरकारी योजना एकापाठोपाठ सरकत गेल्या. प्रत्येक विषय महत्त्वाचाच असतो, म्हणून काही गाळवत नाही. पण श्रोता घरी एकच गोष्ट घेऊन जातो. ती कोणती, हे आपण ठरवले नाही तर ती योगायोगाने ठरते. बुवांच्या गजराचाही विचार करावा. तासभर गप्प ऐकणारी माणसे त्या वेळी स्वतःचा आवाज ऐकतात आणि पुन्हा सावरून बसतात. ‘आठ त्रिक?’ असे विचारून उत्तर हॉलकडून घेणे हा तसाच छोटा गजर आहे. त्यासाठी वेगळे काही रचावे लागत नाही. एक सोपा हिशेब श्रोत्यांवर सोपवायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. थांबणे मात्र नव्या वक्त्याला जमत नाही. दोन सेकंदांत तो स्वतःच चोवीस म्हणून मोकळा होतो.

मापासारखीच भाषाही ऐकणाऱ्याची हवी, आणि तिथे रत्नागिरीचे दुसरे मोठे नाव आठवते, टिळकांचे. १९१६ च्या मे-जूनमध्ये बेळगावला आणि अहमदनगरला त्यांनी स्वराज्यावर मराठीतून भाषणे केली. ‘होमरूल’ ही कल्पना शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला अगदी नवी होती. राजा वेगळा आणि त्याच्या नावाने कारभार हाकणारी नोकरशाही वेगळी, हा फरक त्यांनी घरच्या बोलीत उलगडला. त्या भाषणांवर सरकारने खटला भरला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने सुटे शब्द न पाहता भाषणे सबंध वाचून टिळकांच्या बाजूने निकाल दिला. सबंध वाचल्यावरही टिकेल असे बोलणे ही मोठी कसोटी आहे.

सभागृहातल्या अडचणींबद्दल थोडक्यात. पत्र्यावर पावसाची मोठी सर आली की माईकचाही उपयोग नसतो. त्या वेळी ओरडू नये, थांबावे, सर ओसरली की शेवटचे वाक्य पुन्हा म्हणून पुढे जावे. लाइट जाते हे गृहीत धरावे. पडद्याशिवाय, एका खडूवर किंवा नुसत्या बोलण्यावर जे सांगता येणार नाही ते पडद्यावरही फारसे पोचत नाही, म्हणून एकदा लॅपटॉप बंद ठेवून घरी संपूर्ण बोलून पाहावे. तालीम मनातल्या मनात करू नये, मोठ्याने करावी. जीभ कुठे अडते ते मनाला कळत नाही. आणि आमच्याकडचा माणूस भर सभेत हात वर करून प्रश्न विचारायला कचरतो. तो बाहेर चहा घेताना विचारतो, बहुधा तुमच्या शेजाऱ्याला. म्हणून अर्धा तास आधी पोचावे, चार जणांशी बोलावे, ‘तुमची कलमे किती? गेल्या साली मोहोर कसा होता?’ असे विचारावे. मग भाषणात ‘मघाशी बाहेर एका काकांनी विचारले’ असे म्हणून तोच प्रश्न स्वतः मांडावा. ज्याने विचारला तो खूश होतो, आणि ज्यांच्या मनात तोच होता त्यांची सुटका होते.

चांगल्या मांडणीने त्याच दिवशी मत पालटते अशी आशा मात्र कुणी धरू नये. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा, एवढेच मागणे होते. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कसलेली मांडणी ही असावी. खर्च किती येईल, तो सरकार आणि स्थानिक संस्था यांनी कसा वाटून घ्यावा, इंग्लंड आणि जपानने हे कसे केले, हे त्यांनी सांगितले. ‘हे आपल्याकडे शक्य नाही’ म्हणणाऱ्यांसाठी बडोद्याचे उदाहरण पुढे ठेवले, कारण सयाजीरावांनी १९०६ पासून ते सबंध संस्थानात करून दाखवले होते. मधल्या वर्षभरात देशभरातून मते मागवली गेली, आक्षेप आले, आणि आक्षेपांना उत्तरे देत गोखले पुन्हा उभे राहिले. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने १३, विरुद्ध ३८.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यात वारले, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात मांडलेल्या, नगरपालिकांना सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या विधेयकाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा तो पहिला कायदा.